साडेतीनशे वॅटचा चोर

१

तो दिवस मंगळवार होता की शुक्रवार, हे डॉ. रामराव ढवळे यांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. ते मंगळवार म्हणतात. पण त्या दिवशी प्रभावतीबाईंनी नेसलेली जांभळ्या काठाची साडी त्यांना आठवते, आणि ती साडी त्या शुक्रवारी नेसत. म्हणजे एक तर वार चुकीचा, नाहीतर साडी चुकीची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची आठवण पुरावा म्हणून धरू नये, असं ते स्वतःच सांगतात आणि मग सगळं तिच्याच भरवशावर सांगत बसतात.

एवढं मात्र नक्की, की गाडी वाटूर फाट्यावर उभी होती आणि सकाळचे नऊ वाजले होते.

परतूर ते जालना हा फेरा आठवड्यातून दोनदा ठरलेला. प्रभावतीबाईंची फुफ्फुसं कडक होत चालली होती. जालन्याच्या दवाखान्यात त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेत. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारी एक मशीन त्यांच्या सोबत रात्रंदिवस चालू असे. गुडघ्याएवढी उंच, चाकांची, दर सात सेकंदांनी ‘फुस्स’ करणारी. ती घरात भिंतीच्या विजेवर चालायची आणि प्रवासात गाडीच्या.

बॅटरीवर चालणारी ही गाडी घेतली तीच मुळी त्यासाठी. विक्रेता काचेच्या छताचं कौतुक सांगत होता, तेव्हा परतूरच्या महाविद्यालयात तेहतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या रामरावांनी एवढंच विचारलं, की मागच्या सीटखालचं सॉकेट सलग दोन तास सहाशे वॅट देतं का. मशीनला साडेतीनशे लागत. प्रभावतीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “लोक गाडीत सॉकेट हाये का बघतेत. आमच्या ह्यांनी सॉकेट पाह्यलं आन् मंग त्याच्याभोवती गाडी घेतली.”

फाट्यावर रामरावांनी त्यांची नळी घडीभर छोट्या सिलिंडरला जोडली, मशीनचा प्लग काढला आणि पिना रुमालाने पुसल्या. दर फेरीला ते असं करत. धूळ बसली की पिना तापतात. पुसतापुसता नजर समोरच्या पडद्यावर गेली.

मागील सॉकेट, भार ३५० वॅट.

प्लग त्यांच्या हातात होता. त्यांनी प्लगकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा प्लगकडे पाहिलं.

“काय झालं?” प्रभावतीबाईंनी विचारलं.

“काही नाही. पडदा मागे राहिला असेल,” ते म्हणाले आणि प्लग परत लावला.

पडद्यावर ‘सातशे’ उमटलं की नाही, हे त्यांनी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल आणि आता आठवत नसेल.

२

पुढच्या फेरीला वाटूर मागे टाकून दहा-बारा किलोमीटर झाले असतील, तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी आली. मर्यादेपेक्षा जास्त भार. सॉकेट बंद.

मागच्या सीटवर मशीनने एकसुरी किंकाळी फोडली. वीज गेली की ती अशीच ओरडते. रामरावांनी गाडी कडेला घेतली. सॉकेट पुन्हा चालू केलं. चार सेकंद चाललं आणि बंद पडलं. पुन्हा केलं. पुन्हा बंद. तोवर प्रभावतीबाईंच्या ओठांचा रंग बदलू लागला होता. त्यांनी सिलिंडरकडे फक्त बोट केलं.

सिलिंडर चाळीस मिनिटांचा. जालना पस्तीस मिनिटांवर, रस्त्यात बैलगाडी, ट्रॅक्टर, लग्नाची वरात काही आडवं आलं नाही तर. रामराव आयुष्यात ऐंशीच्या वर गेले नव्हते, त्या दिवशी गेले. दवाखान्याच्या पायरीशी पोचले तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता.

सगळं निभावल्यावर त्यांना भीती वाटली नाही, राग आला. सहाशे वॅटचं सॉकेट, साडेतीनशेची मशीन, आणि भार जास्त? कोणत्या हिशेबाने? पहिलीच्या पोराला विचारा.

३

सर्व्हिस सेंटर जालन्याला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी होतं. तिथल्या अर्पिता नावाच्या बाई शांत होत्या, आणि त्या शांतपणाचाच रामरावांना राग आला. त्यांनी लॅपटॉप जोडला, अर्धा तास बघितलं आणि कागद पुढे केला. ‘दोष आढळला नाही.’

“सॉकेटची सेटिंग चालू होती ना, सर?”

“होती.”

“बॅटरी वीस टक्क्यांच्या वर? त्याखाली सॉकेट आपोआप बंद होतं.”

“सत्तर टक्के होती.”

“प्लग सैल वगैरे?”

“बाई, मी पिना दर फेरीला पुसतो. फ्यूज काढून तपासला. शंभरचा बल्ब लावून बघितला. पडद्यावर शंभर दिसायला पाहिजेत, साडेचारशे दिसतात. वरचे साडेतीनशे कुणाचे?”

अर्पिताबाईंनी पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं. “आमच्याकडे शून्यच दाखवतंय, सर. आता गाडीत काही लावलेलं नाही, शून्य आहे. घरी अजून कुणी वापरतं का गाडी?”

“नाही.”

“मग एखादा चार्जर काढायचा राहत असेल. आमच्याकडे सिनिअर सिटिझन ग्राहकांचं होतं असं कधीकधी.” आणि मग, समजूत काढावी तसं, “माझे आजोबा पण.”

रामराव तेहतीस वर्षं पोरांना मोजायला शिकवत होते. पातळ अर्धवाहक थरांतून जाणारा प्रवाह त्यांनी पीएच.डी.साठी अब्जांश अँपियरपर्यंत मोजला होता. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, “ह्यांच्या आजोबांचा आणि माझ्या सॉकेटचा काय संबंध?”

“तुमी चिडू नका. मला दम लागतो,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर परतूर येईपर्यंत सॉकेट बिनतक्रार चाललं. घरी पोचून प्लग काढला, तर पडद्यावर साडेतीनशे.

४

आता चोर गाडीतच नव्हे, घराभोवती आहे, अशी त्यांची खात्री झाली. परतूरला वीज सांगून जात नाही. ती गेली की मशीनसाठी गाडीतून खिडकीवाटे लांब वायर आत घेता यावी, म्हणून गाडी बंद असतानाही सॉकेट चालू राहील अशी सेटिंग त्यांनी करून ठेवली होती. कुणाला तरी हे कळलं असणार. लोक विजेच्या तारेवर आकडे टाकतात, मग गाडीला कोण सोडतो? रात्री झोपताना बॅटरी चौऱ्याऐंशी टक्के, सकाळी पंच्याहत्तर. गणित बसत होतं. दहा तास, साडेतीनशे वॅट. कुणीतरी रात्रभर, अगदी इमानदारीत, एका मापाने चोरत होता.

पुण्याच्या मुलीने, साधनाने, फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, तुम्हीच मशीन गाडीला लावून विसरत नाही ना?”

“मशीन आईच्या उशाशी आहे. तिच्या नाकात नळी आहे. ती विसरेन मी?”

“मागच्या महिन्यात गॅस—”

“गॅसचं वेगळं.”

“बाबा, तुम्ही एकटे तिला एवढ्या लांब नेता. सॉकेटचा भरवसा नसेल तर इकडे या दोघं. मी काही वाईट बोलत नाहीये.”

वाईट नव्हतंच. म्हणून तर ते झोंबलं. पुण्याला जाणं म्हणजे प्रभावतीबाईंना चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत नेऊन ठेवणं. परतूरचं अंगण, पेरूचं झाड, दुपारी येऊन बसणाऱ्या बाया, हे सगळं सोडणं. त्या एकदाच म्हणाल्या होत्या, “मला हितंच राहू द्या. हवा कमी असली तरी वळखीची हाये.” ते राहणं आता त्या सॉकेटवर येऊन ठेपलं होतं.

रामराव अठरा वर्षं परीक्षाप्रमुख होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कसे बंद करायचे, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. त्यांनी सॉकेटवर कागदी पट्टी आडवी चिकटवली, उभी चिकटवली, दोन्हींवर सांध्यावर सही केली, तारीख-वेळ घातली आणि मेणबत्तीवर लाख वितळवून चार थेंब टाकले. लाखेवर आपली अंगठी दाबली. मग शेडला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंग घेऊन सील तपासलं. पट्टी अखंड, सही अखंड, लाखेवर ठसा अखंड.

बॅटरी चौऱ्याऐंशीची पंच्याहत्तर.

५

त्या सकाळी ते दार लावून गाडीत नुसते बसून राहिले. बाहेर सातभाई पक्ष्यांचा कलकलाट चालला होता. काच वर केल्यावर तो थांबला आणि आत अशी शांतता झाली, की स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

पडद्यावर भार साडेतीनशेवर स्थिर नव्हता. हे त्यांनी आधी कसं पाहिलं नाही? तीनशे तीस, तीनशे चाळीस, तीनशे सत्तर, मग एकदम खाली तीनशे तीस. पुन्हा चढ. त्यांनी घड्याळ समोर धरलं. चढायला सात सेकंद, उतरायला एक क्षण. सात सेकंद, एक क्षण.

हीटर असा चालत नाही. पंप, मोबाइल, बल्ब, काहीच असं चालत नाही. पण अशी एक वस्तू त्यांच्या ओळखीची होती. ते गाडीतून उतरून बेडरूमच्या खिडकीशी गेले. आत प्रभावतीबाईंची मशीन भिंतीच्या सॉकेटवर चालू होती. चढ, चढ, चढ, फुस्स.

म्हणजे चोराकडेही तीच मशीन होती.

कुणी आजारी असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते खोटं नव्हे, आलं होतं. पण लगेच राग वर आला. आजारी असेल तर दार वाजव. माग. मी नाही म्हणालो असतो का? माझ्या बायकोच्या तोंडची हवा परस्पर पळवायची, ती रस्त्यात निळी पडली तरी सोडायची नाही, ही कुठली रीत?

ते परत आले आणि पडद्यावरून सॉकेट बंद केलं. भार शून्य झाला. तेव्हाच कुठूनतरी, खोल, गोधडीखाली घड्याळ वाजावं तसा एक बारीक सलग आवाज सुरू झाला. गाडीचीच काही सूचना असेल म्हणून त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. सॉकेट चालू केलं तसा आवाज थांबला.

त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. अर्पिताबाईंनी पुस्तिका उघडून पाहिली असावी. कारण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “सर, सॉकेट बंद केल्यावर वाजेल असा कोणताच आवाज ह्या गाडीत दिलेला नाही.”

६

जहांगीर शेख वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते आणि दोन घरं सोडून राहत. अख्खी नोकरी त्यांनी आकडे काढण्यात घालवली होती. ते हातमोजे, पक्कड आणि टेस्टर घेऊन दुपारी जेवण करून आले, तेव्हा प्रभावतीबाई ओसरीवर मशीन लावून बसल्या होत्या.

“भाभी, सरनं चोर पकडायला बोलावलंय मला.”

“पकडा, जहांगीरभाऊ. पर आधी आमच्या ह्यांच्या खिशात बघा. मागच्या खेपेला चष्म्याचा चोर तिथंच घावला.”

शेडमध्ये आल्यावर जहांगीरभाईंनी लाखेचं सील पाहिलं आणि हसू दाबलं. “सर, सॉकेट बारावीला बसलंय का?”

“तुम्ही मस्करी करा. मी सातवा दिवस बघतोय हे.”

सील फोडलं. जहांगीरभाई गाडी बंद करू देईनात. “बंद लाइनीत चोर घावत न्हाई, सर. चालूच राहू द्या, मी मोजे घालतो.” त्यांनी सीटची बैठक उचलली, चार स्क्रू काढले आणि सॉकेटचा डबा अलगद पुढे ओढला.

मागे कंपनीच्या जाड, गुळगुळीत वायरी होत्या. आणि त्यांना जोडलेली आणखी एक जोडवायर. पीळ दिलेली, वरून तपकिरी सुताचं विणकाम, जागोजाग मळकी. ती सीटखालच्या गालिच्यातल्या एका भोकातून खाली गेली होती.

जहांगीरभाईंनी ती मोज्यातल्या बोटांनी चाचपली.

“कापडी वायर,” मग ते म्हणाले. “सर, ही आता मिळत न्हाई. मी लहानपणी कापसाच्या जिनिंगमध्ये पाह्यली. ही कंपनीची बिलकुल न्हाई.”

“मी काय सांगत होतो? जोड दिलाय कुणीतरी.”

“जोड दिलाय. पर काय साफ दिलाय.” जहांगीरभाईंनी काळ्या टेपचं टोक नखाने वर केलं. ते टोक चिकटवलेलं नव्हतं, दुमडलेलं होतं. पुढे कधी सोडायची वेळ आली तर नखाला सापडावं म्हणून. “सर, मी एवढ्या लोकांचे जोड पाह्यले. टेपचं टोक असं घडी घालून सोडणारा माणूस मी एकच पाह्यला. तुमचा मिक्सर, तुमची इस्त्री, तुमच्या घरातलं सगळं असंच हाये.”

रामरावांच्या कानशिलात रक्त चढलं. “म्हणजे हे मी केलं म्हणता?”

“मी कुठं म्हणलं.”

“मी केलं आणि विसरलो, हेच ना? साधनाही तेच म्हणते. ती सर्व्हिसची बाईही तेच.” पण बोलताबोलता त्यांचा आवाज बसला. कारण तो जोड खरोखर त्यांच्या हातचा होता. पिळाचे वेढे पाच, डावीकडून उजवीकडे. प्रयोगशाळेत ते पोरांना पाचच घालायला लावत. ही वायर मी कुठून आणली असेल? कधी जोडली असेल? कशासाठी? त्यांनी आठवून पाहिलं, आणि आठवणीच्या जागी काहीच नव्हतं. भिंतही नाही, दारही नाही.

७

“दुसरं टोक बघू,” रामराव म्हणाले. “म्हणजे कुणाचं घर ते तरी कळेल.”

जहांगीरभाईंनी गाडीखाली वाकून पाहिलं. खाली पत्रा सलग होता. भोक नव्हतं, वायर नव्हती. ते उठले, कपडे झटकले आणि आतून वायर ओढू लागले. ती सहज येऊ लागली, विहिरीतून पोहरा यावा तशी. दोन्ही हात पसरून एक वाव, दोन वाव. पायाशी वेटोळं पडत गेलं. गाडी साडेचार मीटर लांब. जहांगीरभाई तोंडाने मोजत होते. सातव्या वावेला त्यांचं मोजणं हळू झालं. बाराव्या वावेला वायर थांबली.

“गरम हाये,” ते म्हणाले.

रामरावांनी हात लावला. वायर कोमट होती, नुकतीच कुणी हातात धरलेली असावी तशी. आणि त्यांचा हात तिच्यावर असतानाच ती दोनदा हलली. हिसका नव्हता. प्लग सैल झाला की माणूस वायर जराशी ओढून बघतो, तेवढंच. एकदा. थांबून, पुन्हा एकदा.

जहांगीरभाईंनी हात काढले. अकरा हजारांच्या लाइनीखाली उभं राहून विडी ओढणारा हा माणूस आपले मोजे पँटला पुसू लागला.

“सर, बंद करा हे. डबा लावा वापस. दुसऱ्याचा लोड हाये.”

“दुसऱ्याचा? माझ्या गाडीवर? परवा ही बाई वाटूरच्या पुढे मेली असती.” रामरावांनी पक्कड उचलली.

“मंग आवाज तर द्या. लाइन तोडायच्या आधी आम्ही आवाज द्यायचो. घरात कुणी पडलेलं ऱ्हातं, कुणाचं काही चालू ऱ्हातं. एक आवाज द्या आन् थांबा थोडं.”

“चोराला आवाज देऊ?”

जोडाच्या पुढे वीतभर अंतरावर त्यांनी पीळ सोडवला. दोन्ही तारा एकदम कापल्या तर ठिणगी उडेल, एवढं त्यांना त्या रागातही कळत होतं. म्हणून आधी एक कापली.

भोकातून तो आवाज आला. खोल, बारीक, सलग. आता सीट उघडी होती, गालिचा बाजूला होता. गाडीची सूचना नव्हती ती. वीज गेल्यावर मशीन ओरडते, तोच आवाज.

ओसरीवरून प्रभावतीबाईंनी हाक दिली. “अहो, माझी मशीन वरडून राह्यली का? बघा की जरा.”

दोघांनीही वळून पाहिलं. त्यांच्या मशीनवरचा हिरवा दिवा लागलेला होता. नळी नाकात होती. मशीनने नेहमीसारखं फुस्स केलं.

“जोडा सर,” जहांगीरभाई हलक्या आवाजात म्हणाले. “एकच तोडली हाये. जोडा वापस जल्दी.”

रामरावांच्या हातात पक्कड होती. एक तार तुटलेली, एक शाबूत. जोडायला दहा सेकंद लागले असते. ते दहा सेकंद त्यांनी नंतर किती वेळा मोजले, त्याला गणती नाही. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे सिलिंडरचा तळाला टेकलेला काटा होता, ‘दोष आढळला नाही’ असा कागद होता, अर्पिताबाईंचे आजोबा होते. आपलं तेवढं खरं आणि बाकी सगळे आपल्याला वेड्यात काढतात, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी दुसरी तार कापली.

पायाशी पडलेलं वेटोळं सुटू लागलं. सावकाश, एकेक वेढा, वायर भोकात परत जाऊ लागली. जहांगीरभाईंनी झडप घालून टोक धरलं. ते त्यांच्या मोज्यातून निसटलं. रामराव पाहत राहिले. शेवटची हातभर वायर उरली तेव्हा ती थांबली. दोनदा हलली. मग कापलेलं टोक गालिच्यावरून घासत गेलं आणि भोकात नाहीसं झालं.

आवाज अकरा मिनिटं चालला. तसल्या मशीनच्या घंटेला आत छोटा सेल असतो, तो साधारण तेवढाच टिकतो. शेवटी सेलच संपला असेल, असं रामराव जहांगीरभाईंना म्हणाले. जहांगीरभाई खाली वाकले. त्यांनी अवजारं गोळा केली आणि ओसरीजवळून जाताना, रोजच्यासारखी चेष्टा न करता, प्रभावतीबाईंना नुसता सलाम केला.

“घावला का चोर?” बाईंनी विचारलं.

“लाइन साफ झाली, भाभी.”

सॉकेटने त्यानंतर एकदाही दगा दिला नाही. प्लग काढला की शून्य, लावला की साडेतीनशे. बॅटरी रात्री चौऱ्याऐंशी, सकाळी चौऱ्याऐंशी. गालिचा पुन्हा उचलून पाहिला, तर खाली भोक नव्हतं. त्यांनी साधनाला फोन करून सांगितलं, की दोष सापडला आणि दूर केला. पुण्याला जायची गरज नाही.

८

प्रभावतीबाई परतूरलाच राहिल्या, पेरूच्या झाडासमोर. दीड वर्षाने एका दुपारी त्यांना जालन्याला हलवावं लागलं आणि दवाखान्याच्या ऑक्सिजनवरच, साधनाचा हात धरून, त्या गेल्या. मशीन त्या दिवशी घरीच राहिली होती. परत आल्यावर रामरावांनी तिचा प्लग काढला, वायर गुंडाळली, वर चादर टाकली आणि कपाटात ठेवून दिली.

आणखी दोन वर्षांनी जहांगीरभाईंच्या पत्नीला, गौहरबींना, तशीच मशीन लागली. द्यायच्या आधी तपासून घ्यावी म्हणून रामरावांनी अशा मशीन दुरुस्त करणाऱ्या आमिर यांना घरी बोलावलं. आमिरनी मागचं झाकण काढलं, गाळणी बदलली आणि आतल्या एका छोट्या खिडकीवर विजेरी धरली.

“सर, ही जुनी घेतली होती का तुम्ही?”

“नवी. पेटी माझ्यासमोर फोडली. का?”

“किती तास चालली ते इथं दिसतं. मशीन चालू असेल तेवढाच वेळ हा काउंटर पुढं सरकतो. बावीस हजार तीनशे अकरा तास झालेत.”

रामराव उठले आणि मशीनची पावती, दवाखान्याचे कागद घेऊन आले. पेटी फोडली तेव्हा काउंटर शून्यावर होता, हे पावतीवरच लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून प्रभावतीबाई गेल्या त्या दिवसापर्यंत आठशे सत्तावीस दिवस होत होते. त्या सगळ्या दिवसांत मशीन एक क्षणही न थांबता चालली असं धरलं, तरी एकोणीस हजार आठशे अठ्ठेचाळीस तासांच्या वर ती जाऊ शकत नव्हती. आणि त्यानंतर ती कपाटात होती.

त्यांनी वजाबाकी केली. मग पुन्हा केली. मग आमिरना करायला लावली. दोन हजार चारशे त्रेसष्ट. दिवसांत मोजले तर एकशे दोन दिवस आणि पंधरा तास.

“काउंटर बिघडला असेल,” आमिर म्हणाले. “होतं कधीकधी. पळतो.”

म्हणून रामरावांनी मशीन गौहरबींकडे पाठवली नाही. त्यांना बाजारातून दुसरी आणून दिली. ही ओसरीवर भिंतीच्या विजेला लावली, शेजारी घड्याळ ठेवलं आणि प्रभावतीबाईंच्या खुर्चीत बसून राहिले. वीज एकदाही गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमिर आले, त्यांनी झाकण काढलं आणि विजेरी धरली. घड्याळाप्रमाणे अठ्ठेचाळीस तास झाले होते. काउंटर बरोबर अठ्ठेचाळीस पुढे गेला होता. म्हणजे ते एकशे दोन दिवस ही मशीन कुठंतरी खरोखर चालली होती, आणि तिची तार त्यांनीच कापली होती.